उणीव की अडसर?

तुकोबांची पालखी अकलूजचे रिंगण आटोपून माळीनगरमार्गे बोरगावच्या मुक्कामाला निघते, तेव्हा श्रीपूर-महाळुंगच्या पट्ट्यातला रस्ता माणसांनी फुलून जातो. दिंड्यांच्या मागेपुढे सामानाचे ट्रक, टेम्पो, जीप आणि पाण्याचे टँकर माणसाच्या चालीने सरकत असतात. गाडी वेगात असली की समोरचा वारा रेडिएटरच्या जाळीतून आरपार जातो आणि आतले पाणी गार होत राहते. पायी चालणाऱ्यांच्या वेगात हा वारा मिळत नाही. सगळा भार पंख्यावर येतो. मग एखादी गाडी कडेला लागते, बोनेट उघडते, कुणीतरी कॅन घेऊन येतो. पाणी ओतले की गाडी निघते, कारण बहुतेकदा पाणीच कमी झालेले असते. पण कधी असेही होते की रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, अर्धा पेलाही जास्त आत जात नाही आणि तापमानाचा काटा मात्र वरच. अशा वेळी मेस्त्री दोनच शब्द बोलतो, “एअर धरलीय.”

पाणी कमी असणे आणि हवा अडकणे यांची लक्षणे सारखीच असतात. त्यांचे स्वरूप मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहे. पहिल्यात काहीतरी नाही. दुसऱ्यात काहीतरी आहे, पण ते दिसत नाही आणि ‘नाही’सारखे भासते. पहिल्याला भर हवी, दुसऱ्याला बाहेर पडायला वाट हवी. हाच पेच भारतीय दर्शनांनी हजारभर वर्षे एका मोठ्या प्रश्नावर घासून पाहिला आहे. माणसाला सत्य का उमगत नाही? त्याच्याजवळ ज्ञान नाही म्हणून, की अज्ञान नावाचे काही खरोखर त्याच्यात ठाण मांडून बसले आहे म्हणून?

आधी इंजिनाकडे नीट पाहायला हवे. जळलेल्या इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा शीतक पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी ब्लॉक आणि हेडमधल्या पोकळ वाटांतून फिरते, तापते, थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडला की रेडिएटरमध्ये येऊन निवते आणि परत फिरते. रेडिएटरचे टोपण सुमारे एक बार दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळ उकळते. पाणी बदलताना सगळी यंत्रणा रिकामी होते, म्हणजे हवेने भरते. नवे पाणी घाईने ओतले तर ही हवा पुरती निघत नाही. ती वर सरकत सर्वांत उंच जागा गाठते. हेडचा वरचा कोपरा, थर्मोस्टॅटचे घर, डॅशबोर्डमागची हीटरची जाळी या तिच्या आवडत्या जागा. ज्याला मेस्त्री ‘वॉटर बॉडी’ म्हणतात त्या पंपाची पाती पाणी फेकू शकतात, हवा फेकू शकत नाहीत. पात्यांभोवती बुडबुडा बसला की पाती नुसती गरगरतात आणि पाणी जागच्या जागी थांबते.

तितक्याच जागेतले पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. म्हणजे हेडच्या ज्या कोपऱ्यात हवा बसली, तिथे धातूच्या दृष्टीने पाणी असून नसल्यासारखेच. तो कोपरा भाजत राहतो. याहून घातक गोष्ट पुढे आहे. तापमान मोजणारा सेन्सर नेमका त्या हवेच्या कप्प्यात सापडला तर काटा खाली उतरतो. पाण्यात बुडालेला असताना तो खरे सांगत होता. आता हवेत लटकून तो कमी तापमान सांगतो, चालक निश्चिंत होतो आणि हेड वाकते. डॅशबोर्डमागून येणारी गुळगुळ, उगाच वरखाली होणारा काटा, हीटरमधून कधी गरम तर कधी गार येणारी हवा या खुणा ओळखणारा त्याआधीच गाडी थांबवतो.

न्यायदर्शन या बाबतीत सरळ आहे. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, एवढेच. अभाव हा पदार्थ त्यांनी मोठ्या बारकाईने तपासला होता. वस्तू उत्पन्न होण्याआधी जो तिचा अभाव असतो त्याला ते प्रागभाव म्हणतात. त्याला सुरुवात नाही, पण वस्तू आली की तो संपतो. ज्ञान झाले की अज्ञान संपले. दूर करण्यासारखे तिथे वेगळे काही नव्हतेच. अंधाराबद्दलही नैयायिकांचे मत हेच. अंधार म्हणजे उजेड नसणे. यावर कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेने हरकत घेतली. अंधार काळा दिसतो, दिवा हलला की हलताना दिसतो. ज्याला रंग आहे, गती आहे, ते द्रव्य का मानू नये? आजचे भौतिकशास्त्र अंधाराच्या बाबतीत नैयायिकांच्या बाजूने कौल देईल. हवेच्या बाबतीत तसे नाही. नैयायिकांनीही वायूला अभाव म्हटले नाही. रंग नसल्यामुळे डोळ्यांना न दिसणारे पण स्पर्शाला जाणवणारे द्रव्य अशी त्याची ओळख त्यांनी दिली. वाद होता तो वायू प्रत्यक्ष कळतो की अनुमानाने, एवढाच. त्यांच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनातल्या प्रशस्तपादांनी वायूच्या चार खुणा सांगितल्या: स्पर्श, शब्द, वस्तूला तोलून धरणे आणि कंप. गाडीतली गुळगुळ ऐकून हवा ओळखणारा मेस्त्री यातली दुसरी खूण वापरत असतो.

अद्वैत वेदान्ताच्या विवरण परंपरेने अज्ञानाला अभाव म्हणायला नकार दिला. शंकराचार्यांचे शिष्य पद्मपाद यांच्या पंचपादिकेवर प्रकाशात्म्यांनी ‘विवरण’ लिहिले आणि त्यात अज्ञान भावरूप आहे, ही भूमिका पक्की केली. ते ब्रह्मासारखे सत्य नाही, पण नुसते ‘नाही’ही नाही, ते काम करते. त्यांचा एक पुरावा झोपेतून उठलेल्या माणसाचा आहे. मला काहीच कळले नाही, हे तो आठवून सांगतो. आठवण अनुभवाचीच होते, म्हणजे न कळण्याचाही त्याला अनुभव आलेला असतो, आणि निव्वळ अभावाचा असा अनुभव कसा येईल? पुढे सदानंदांच्या वेदान्तसारात या अज्ञानाच्या दोन शक्ती सोप्या करून मांडल्या आहेत: आवरण आणि विक्षेप. आवरण म्हणजे असलेले झाकणे. विक्षेप म्हणजे नसलेले दाखवणे.

हेडमध्ये अडकलेली हवा ही दोन्ही कामे करते. धातू आणि पाणी यांच्यामध्ये येऊन ती पाण्याला धातूपासून तोडते आणि सेन्सरला खोटे बोलायला लावते. पाण्याची निव्वळ कमतरता तापमान वाढवील. भरवशाने खोटे सांगायला मधे काहीतरी असावे लागते. भावरूप अज्ञानाची कल्पना ज्यांना शब्दांचा खेळ वाटते, त्यांनी या फरकावर क्षणभर थांबावे. न शिकलेला माणूस आणि चुकीचे पक्के शिकलेला माणूस, दोघांनाही ‘अज्ञानी’ म्हटले जाते. पहिल्याला सांगितले की पुरते. दुसऱ्याला सांगितलेले आतच जात नाही, कारण जागा भरलेली असते.

श्रीपूरच्या माणसाला अडकलेल्या हवेची गोष्ट नवी नाही. नीरा उजव्या कालव्यामुळे माळशिरस तालुक्यात ऊस आला आणि उसामागोमाग कारखाने आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि श्रीपूरचे नाव साखरेशी जोडले गेले. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही याच गावात आहे. कारखान्यात रस आटवण्यासाठी एकामागून एक जोडलेली भांडी असतात. नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ साली अमेरिकेत या पद्धतीचे पेटंट घेतले.  एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्याला उष्णता देते. शेवटच्या भांड्यात निर्वात असल्याने रस कमी तापमानाला उकळतो. नळ्यांभोवती वाफ येते, निवून पाणी होते आणि निवताना उष्णता देते. पण वाफेबरोबर थोडी हवा आणि रसातून निघालेले इतर वायूही येतात. त्यांचे पाणी होत नाही. वाफ पाणी होऊन जागा सोडते, हे वायू तिथेच साचतात. हळूहळू नळ्यांभोवती त्यांचा थर बसतो आणि भांडे आटवेनासे होते. वाफ भरपूर, दाब बरोबर, तरी रस पातळच. जास्त वाफ सोडून उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक भांड्याला हे वायू सतत बाहेर काढणारी स्वतंत्र नळी ठेवलेली असते. शेतातल्या पाइपलाइनचेही तसेच: उंचवट्यावर हवा साचून पाणी अडते, आणि तिथेच एअर व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

उपाय सगळीकडे एकाच जातीचा आहे. गाडी थंड होऊ द्यायची. गरम असताना टोपण उघडले तर दाबाखालचे पाणी उसळून माणूस भाजतो. पुढची बाजू चढावर घ्यायची, म्हणजे पाणी ओतण्याचे तोंड सर्वांत उंच येते. भर मे महिन्यात, बाहेर चाळीसच्या वर तापमान असताना, मेस्त्री हीटर पूर्ण गरमवर ठेवायला सांगतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याशिवाय हीटरच्या जाळीची वाट उघडत नाही. मग हवा काढण्याचा स्क्रू सैल करायचा आणि पाणी सावकाश ओतत राहायचे. आधी फुसफुस, मग फेस, मग तुटक थेंब, शेवटी बुडबुड्याशिवायची अखंड धार. धार आली की स्क्रू घट्ट. हवेशी कुणी झुंजत नाही. खालून पाणी चढत जाते आणि वरची वाट मोकळी असते.

भक्तीच्या वाटेवर हा प्रश्न रोजचा आहे. मन लागत नाही, नामात गोडी वाटत नाही, ही तक्रार कीर्तनकारांना नेहमी ऐकावी लागते आणि तिच्यावर नेहमीचा सल्ला भर घालण्याचा असतो: आणखी एक पारायण, आणखी एक सप्ताह, आणखी एक वारी. ज्याची उणीव खरोखर उणीव आहे, त्याला हा सल्ला तारून नेतो. त्याला हिणवण्याचे कारण नाही. पण वारकऱ्यांनी दुसरी शक्यताही ओळखली होती आणि त्यासाठी एक रीत घडवली. वारीत माणसे एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, शिक्षण, हुद्दा न विचारता, समोर आलेल्याच्या पायाला हात लावतात. यात नवे ज्ञान मिळत नाही, पुण्याची मोजदाद वाढत नाही. सर्वांत उंच जागी, डोक्यात, जे जाऊन बसलेले असते त्याला निघायला वाट मिळते. अहंकाराला उणीव न समजता अडसर समजणाऱ्यांनीच अशी रीत घडवली असणार.

तरीही भावरूप अज्ञानाच्या मताला सर्वांत खणखणीत उत्तर मराठीतच दिले गेले, आणि तेही वारकऱ्यांच्या माउलीने, ज्ञानदेवांनी. त्यांच्या अमृतानुभवाची दहा प्रकरणे आहेत. त्यांतले सातवे अज्ञानखंडनाचे आणि सर्वांत मोठे. त्याआधी रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अद्वैत्यांना विचारले होते की तुमचे अज्ञान राहते कुठे? ब्रह्मात म्हणावे तर ब्रह्म ज्ञानरूप, तिथे त्याला थारा नाही. जीवात म्हणावे तर जीवपणच अज्ञानातून आलेले. ज्ञानदेव प्रश्न आणखी मुळाशी नेतात. आत्म्यात अज्ञान असते तर त्याने आत्म्याला अज्ञानी करून टाकले असते. मग ‘अज्ञान आहे’ हे जाणले कुणी? जो जाणतो तो अज्ञानी नाही, आणि जो अज्ञानी आहे त्याला अज्ञानाचीही खबर नाही. अज्ञान असे वेगळे काही नाहीच. जे दिसते तो चैतन्याचाच विलास आहे. तिसऱ्या प्रकरणात तर शिवसूत्रांचा दाखला देऊन ते ज्ञानालाही बंधन म्हणतात, कारण अज्ञान घालवण्यापुरते जे ज्ञान लागते ते अज्ञानाच्याच जोडीने जगते.

मराठी अभ्यासकांत यावर मोठा वाद झाला. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानदेव शंकराचार्यांच्याच मार्गाने गेल्याचे मांडले. भा. पं. बहिरट यांचा ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावरचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली पंढरपूरहून निघाला, त्यात त्यांनी ज्ञानदेवांचे वेगळेपण पुढे आणले. अमृतानुभव वाचताना बहिरटांची बाजू जड वाटते. ज्ञानदेवांना शत्रू नको आहे. ज्याच्याशी लढायचे त्याला आधी अस्तित्व द्यावे लागते, आणि अज्ञानाला एवढा मान द्यायला ते तयार नाहीत.

इथे गाडीचा दाखला तोकडा पडतो, हे मान्य केले पाहिजे. हवा खरी आहे. ज्ञानदेवांच्या मते अज्ञान तेवढेही खरे नाही. पण एका बाबतीत ज्ञानदेवांचे म्हणणे यंत्रातही दिसते. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमधून बाहेरून वाहणारी आणि पाण्याची उष्णता उचलून नेणारी हवाच असते. तीच हवा आत अडकली की इंजिन भाजते. हवेत विष नाही, पाण्याशी तिचे वैर नाही. स्क्रू सैल केला की ती ज्या आकाशातली आहे त्यात मिसळते, आणि धार लागताच तो स्क्रू बंद करावा लागतो. उघडाच ठेवला तर त्याच वाटेने पाणी जाईल. अज्ञान निवारणारे ज्ञानही काम झाल्यावर मागे टाकायचे असते, हे तिसऱ्या प्रकरणातले म्हणणे असे ध्यानात घेता येते.

साधकाच्या एकांतात दोन्ही मते शोभतात. समाजात उतरल्यावर निवड करावी लागते, आणि श्रीपूरहून फार दूर नसलेल्या पंढरपुरात ती करावी लागली. अस्पृश्य मानले गेलेले संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. १३३८ साली तिथे गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर झाली, दाराबाहेर. त्यानंतर सहाशे वर्षे त्या दारासमोर त्यांचेच अभंग गायले गेले. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळे संत मुखोद्गत होते. भेद अमंगळ आहे ही माहिती पंढरपुरात कुणाला नव्हती, असे म्हणता येणार नाही. ज्ञानाचा प्रागभाव तिथे नव्हताच. भक्ती काठोकाठ होती, दरवर्षी लाखो माणसे ती ओतत होती, आणि दलितांसाठी दार बंद होते.

साने गुरुजींनी हे ओळखले. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी सोडले. मंदिर सर्वांना खुले झाले. गुरुजींनी तिथे नवे शास्त्र सांगितले नाही, नवा अभंग रचला नाही. सातशे वर्षांचे सांगणे खालून चढत आले होतेच. वर जिथे वाट बुजली होती तिथे त्यांनी आपला जीव लावला. अज्ञानाला निव्वळ उणीव मानणारा माणूस त्या वेळी समतेवर आणखी एक व्याख्यान देऊन परतला असता. उपोषणाला बसणाऱ्याला ठाऊक असावे लागते की समोर काहीतरी आहे, आणि ते हटू शकते.

पण मेस्त्रीला आणखी एक प्रकार माहीत असतो. हवा काढली, धार अखंड आली, गाडी दोन दिवस नीट चालली आणि पुन्हा काटा चढला. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. अशा वेळी बाहेरून हवा शिरत असेल तर पाइप, क्लॅम्प, टोपण तपासतात. तिथे काही सापडले नाही तर संशय हेड पॅकिंगवर जातो. ब्लॉक आणि हेड यांच्यामधले हे पॅकिंग फुटले की सिलिंडरमधला जळका वायू दाबाने पाण्यात घुसतो. ओळखायला एक निळा द्रव मिळतो. रेडिएटरच्या तोंडाशी येणारा वायू त्यातून जाऊ दिला आणि त्यात इंजिनातला कार्बन डायऑक्साइड असला तर द्रव पिवळा पडतो. मग कितीही वेळा हवा काढून भागत नाही, कारण ती तयारच आत होते आहे. हेड उचलावे लागते.

रामानुजांचा प्रश्न, अज्ञान राहते कुठे, इथे अगदी व्यवहाराचा होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. त्यानंतर बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाची वाट सोडली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात त्यांनी दोषाचा पत्ता स्पष्ट लिहिला: लोक भेद पाळतात ते वाईट आहेत म्हणून नव्हे, ते धार्मिक आहेत म्हणून, शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धा हटल्याशिवाय जात हटणार नाही. पंढरपूरचे दार उघडले तेव्हा या निदानाला अकरा वर्षे झाली होती. दार उघडल्यानंतर गावागावांतले पाणवठे, वस्त्या आणि सोयरिकी किती बदलल्या, यावरून साने गुरुजींचे निदान पुरेसे होते की बाबासाहेबांचे, हे तपासता येते, आणि ते तपासण्याचे काम वारीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाकडे आहे.